चारशे बारा नंबरचा दिवा

पहिल्या चारशे अकरा ओळी त्याने मजेत वाचल्या. दुसऱ्याने केलेल्या कामात चुका शोधत बसण्याइतकं निवांत सुख ऑफिसात दुसरं नाही, आणि हे सुख सकाळच्या चहाबरोबर मिळालं तर माणूस दुपारपर्यंत कुणाशीही गोड बोलू शकतो. यादी साधी होती. डावीकडे बारा वर्षांपूर्वी त्यानेच प्रत्येक वस्तूला दिलेला क्रमांक, उजवीकडे कंपनीच्या वेबसाइटवरच्या त्याच वस्तूच्या पानाचा नवा, शब्दांतला पत्ता. ४०९, दिवे/भिंतीवरचे/जिन्यातला-पिवळा. ४१०, दिवे/भिंतीवरचे/आरशावरचा-लांबट. ४११, दिवे/टेबलावरचे/चिमट्याचा-दिवा. बरं आहे, त्याने मनाशी म्हटलं, चिमट्याचा तर चिमट्याचा. मग ४१२. दिवे/टेबलावरचे/रुसका-दिवा. कपातला चहा ओठांपर्यंत आला होता, तो तिथेच थांबला. बाहेरच्या खोलीत प्रिंटर खाकरत होता, खालच्या रस्त्यावर कुणीतरी मोटार मागे घेत होतं आणि ती मागे जाताना वाजणारी शिट्टी जरा जास्तच वेळ वाजत राहिली. त्याने ओळ पुन्हा वाचली. जगात हा शब्द ठाऊक असलेली दोनच माणसं होती. त्यातलं एक इथे चहा घेऊन बसलं होतं, आणि दुसऱ्याने, म्हणजे त्याच्या बायकोने, तो शब्द आडव्या रेघेने नीट जोडून, एका परक्या माणसाच्या हवाली केला होता.

परका माणूस म्हणजे हायफन, वेबसाइट सर्चमध्ये वर आणायला बाहेरून बोलावलेला. हे नाव फोनवर तक्रारी घेणाऱ्या बायकांनी ठेवलेलं. आल्याच्या पहिल्याच दिवशी त्याने फळ्यावर दोन शब्द लिहून त्यांच्यामध्ये एक रेघ काढली होती आणि पाऊण तास त्या रेघेवर बोलला होता. रेघ खाली काढली तर सर्च इंजिन दोन्ही शब्द एकच समजतं, मधोमध काढली तर दोन वेगळे समजतं, म्हणून मधोमध. एवढ्यासाठी पाऊण तास. वय पस्तिशीचं, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत नेमक्या तीन घड्या घालून दुमडलेल्या, आणि बोलताना समोरच्याचं संपेपर्यंत गप्प राहण्याची एक अत्यंत चीड आणणारी सवय. हायफन त्याला दादा म्हणायचा. बायकोला ताई म्हणायचा. एकाच तोंडाने दादा आणि ताई म्हणणारा माणूस नवरा-बायकोला भावंडं करून सोडतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण अशी तक्रार कुणाकडे करता येत नाही.

कंपनी दिवे विकायची. टेबलावरचे, भिंतीवरचे, छतावरचे, त्यांच्या झाकण्या, खटके, वायरी, सगळं मिळून अकराशे चाळीस वस्तू. मालकीणबाईंच्या वडिलांनी दुकान काढलं, मालकीणबाईंनी ते वेबसाइटवर नेलं, आणि नेलं म्हणजे त्याने नेलं. एकट्याने, एका पावसाळ्यात, गळक्या खिडकीखाली बादली ठेवून. त्याच्या साइटवर कुठलंच पान आधीपासून तयार नसायचं. कुणी विचारलं की कोठारातून नाव, चित्र, माप गोळा होऊन पान तेवढ्यापुरतं उभं राहायचं, आणि विचारणारा निघून गेला की मोडून जायचं. म्हणून त्याच्या पत्त्यांत प्रश्नचिन्ह असायचं. वस्तू?विभाग=७&क्रमांक=४१२. पत्ता कसला, ती विचारणाच होती, आणि त्याला ती प्रामाणिक वाटायची. हायफनच्या योजनेत प्रश्नचिन्हाला जागा नव्हती. दिवे/टेबलावरचे/चिमट्याचा-दिवा, असं वाचलं की वाटावं, कुठेतरी दिव्यांची इमारत आहे, तिच्यात टेबलावरच्यांचा मजला आहे, मजल्यावर एक खोली आहे. नसतंच काही. दारावरच्या पाटीवर शब्द, आणि आत गेल्यावर शब्दाचा निमूट क्रमांक करून घ्यायचा आणि तो पुन्हा त्याच्याच जुन्या प्रश्नाला नेऊन भिडवायचा. म्हणजे काम त्याचंच, पाटी नवी. "लोक शब्दांनी शोधतात, दादा," हायफन म्हणाला होता. "चारशे बारा असं कुणी शोधत नाही. आणि तुमचा एकेक दिवा आत्ता सात-आठ पत्त्यांवर सापडतो. किमतीनं लावला की वेगळा पत्ता, रंगानं लावला की वेगळा. सर्चला वाटतं आठ दिवे आहेत, आठही अर्धवट." आठ घरी जेवणाऱ्याला कुणीच पाहुणा समजत नाही, हे खरंच होतं. पण खरं बोलणाऱ्या माणसाबद्दल प्रेम वाटलंच पाहिजे असा काही कायदा नाही.

आणि शब्द कुणाकडून आणायचे? तिथेच घोटाळा झाला. हायफनने महिनाभर सगळ्या विभागांतून हिंडून शेवटी सांगितलं की दिव्यांना लोक काय म्हणतात हे या कंपनीत एकाच व्यक्तीला माहीत आहे. ती व्यक्ती अकरा वर्षं फोनवर तक्रारी ऐकत होती. तिला कुणी कधी "लवचिक मानेचा टेबल-दीप, नमुना दोन" असं म्हटलं नव्हतं. लोक म्हणायचे, बाई, तो जिन्यातला पिवळा, तो बसत नाही हो. तो आरशावरचा लांबट, फरफर करतो. ती बरोबर वस्तू काढून द्यायची. मालकीणबाईंनी मीटिंगमध्ये विचारलं, "मग यांनाच बसवू नावं द्यायला?" आणि त्याने, तिच्या नवऱ्याने, सगळ्यांच्या आधी म्हटलं, "नावं काय, कुणीही देईल. त्याला काय लागतं?" विनोद म्हणून म्हटलं होतं. हसलं कुणी नाही. टेबलाच्या पलीकडे ती पेनचं टोपण काढत होती आणि लावत होती. हायफन, त्याच्या सवयीप्रमाणे, वाक्य संपेपर्यंत थांबला, संपल्यावरही थोडा थांबला, आणि मग म्हणाला, "मला तर नाही जमलं, दादा."

त्या दिवसापासून तो दुपारी तिच्याबरोबर जेवेनासा झाला. भांडण झालं नाही. भांडायला दोघांनी बोलावं लागतं. तो म्हणाला, "काम आहे," आणि रोज म्हणत राहिला. ती फोनच्या खोलीतून उठून काचेच्या छोट्या खोलीत बसायला गेली, आणि एक ते दीड या वेळात ती आणि हायफन तिथेच डबे उघडून बसू लागले, मध्ये याद्यांचे कागद. काचेतून आवाज येत नसे. फक्त दिसे. ती काहीतरी सांगतेय, हातांनी दिव्याचा आकार करून दाखवतेय, हायफन ऐकतोय. अकरा वर्षं कानावर दाबून बसलेल्या हेडफोनने तिच्या उजव्या कानावरच्या केसांत एक खाच पडली होती आणि कानामागे एक लालसर वळ. घरी येऊन ती त्या कानाने काही ऐकायची नाही, डाव्या बाजूने बोल म्हणायची. काचेच्या खोलीत गेल्याला महिना झाला तेव्हा एका सकाळी ती आरशासमोर केस विंचरत असताना त्याला दिसलं की वळ गेलाय. त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, अर्धा मिनिट. मग वाटलं, अकरा वर्षांत हे आपल्याला का सुचलं नाही? आणि जे आपल्याला सुचलं नाही ते ज्याला सुचलं त्याच्या बाह्यांच्या तीन घड्या त्याच्या डोळ्यांपुढे आल्या. मत्सराचं असंच असतं. त्याला खाऊ घालायला वेगळं काही आणावं लागत नाही, घरात जे असेल ते चालतं.

रुसका दिवा खरा दिवा होता. लग्नानंतरच्या पहिल्या खोलीत, जिथे पलंग आणि टेबल यांच्यामधून जायला आडवं व्हावं लागे, तिथे त्यांनी जुन्या बाजारातून एक टेबललॅम्प आणला होता. मानेचा स्क्रू झिजलेला. सरळ करून ठेवला की वीस मिनिटं नीट उभा राही, मग कुणाला कळू न देता हळूहळू मान खाली घाली, आणि उजेडाचं वर्तुळ पुस्तकावरून सरकत सरकत टेबलाच्या काठावर जाऊन जमिनीवर सांडे. "रुसला बघ," ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा तो दोन दिवस तिच्याशी कशावरून तरी बोलत नव्हता, आणि हसू आल्यामुळे त्याला बोलावं लागलं. तेव्हापासून रीतच पडली. ज्याला मिटवायचं असेल त्याने काही न बोलता दिव्याची मान वाकवून ठेवायची. दुसऱ्याने येऊन ती सरळ केली की मिटलं. माफी नाही, खुलासा नाही, कोण चुकलं याची चौकशी नाही. पुढे घर बदललं, दिवा पुढच्याच्या पुढच्या घरात कुठेतरी हरवला, छतातच बसवलेले दिवे आले, ज्यांना मान नसते. शब्द तेवढा राहिला होता, आणि तोही गेल्या कित्येक वर्षांत कुणी उच्चारलेला त्याला आठवत नव्हता. मुलीलासुद्धा माहीत नव्हता. आणि आता तो उभ्या जगाला दिसेल अशा जागी होता. काचेच्या खोलीत तिने तो सांगितला असणार. कसा सांगितला असेल? हसत? "आमच्याकडे एक दिवा होता," असं? पलंग, टेबल, आडवं होऊन जाणं, सगळं? आणि तो ऐकत असणार, संपेपर्यंत.

यादीवरून नियम लिहायचं काम त्याचं होतं. नवे पत्ते सुरू झाले तरी जुने बारा वर्षांचे पत्ते लोकांनी जपून ठेवलेले असतात, दुसऱ्या साइट्सनी दिलेले असतात, सर्चच्या वहीत लिहिलेले असतात. म्हणून जुन्या दारावर चिठ्ठी लावावी लागते, की ही वस्तू आता तिकडे राहते. चिठ्ठ्या दोन प्रकारच्या, त्यांच्यावरच्या आकड्यावरून ओळखायच्या. तीनशे एक म्हणजे घर कायमचं बदललं. तीनशे दोन म्हणजे चार दिवस बहिणीकडे आहे, परत येईन. आलेल्या माणसाला फरक कळत नाही, तो दोन्ही चिठ्ठ्या वाचून निमूट नव्या दारी जातो. फरक कळतो फक्त सर्चला. कायमची चिठ्ठी वाचली की ते वहीत जुना पत्ता खोडून नवा लिहितं, जुन्या पत्त्याची सगळी पत नव्याच्या खात्यावर जाते. तात्पुरती वाचली की म्हणतं, ठीक आहे, येईल परत, आणि वहीत जुनाच पत्ता ठेवतं. त्याने फाइल उघडली. नियमाच्या वरच्याच ओळीत तो आकडा एकदा लिहायचा होता, खालच्या अकराशे चाळीस ओळींना तोच लागू. तीन लिहिला, शून्य लिहिलं. मग दोन. एक आणि दोन ही बटणं शेजारी-शेजारी असतात, बोट घसरू शकतं, असं पुढे त्याने स्वतःला बऱ्याचदा समजावलं, आणि स्वतःनेही त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. त्या सकाळी मात्र बोट कुठेही घसरलं नव्हतं. त्याने ते ठेवलं होतं. फाइल जतन केली, खुर्चीत मागे रेलला, आणि त्याला त्या पहिल्या खोलीत स्क्रू पिळल्यानंतर बोटांना यायचा तो लोखंडाचा वास आला.

मालकीणबाईंनी तीन महिने दिले होते. तीन महिन्यांत दिवे सर्चमध्ये वर आले तर काचेची खोली कायम, नाहीतर सगळं होतं तसं. तो वाट पाहू लागला. काय करतोय हे स्वतःला नीट कळू नये म्हणून त्याने त्या काळात पुष्कळ काम केलं. झाकण्यांची चित्रं उजळ केली. खटक्यांची मापं तपासली. आणि एक ते दीड, ऑफिस रिकामं झालं की, आपल्या साइटच्या कोपऱ्यातल्या शोधायच्या चौकटीत तो दोन शब्द लिहायचा. रुसका दिवा. पान उघडायचं. वर पट्टीत तिने दिलेला पत्ता, खाली काळ्या रंगाचा, लवचिक मानेचा, नमुना दोन, चित्रात मान अगदी सरळ. तो बघत बसायचा. काय बघायचा ते सांगता आलं नसतं. दुखऱ्या दाताला जीभ जाते, तशी बोटं त्या दोन शब्दांकडे जायची. मान वर केली की दोन दारांपलीकडे काचेत ती दोघं. एकदा ती इतकी हसली की तिला घास लागला, आणि हायफनने पाण्याची बाटली उघडून पुढे केली. नुसती पुढे केली, हातात दिलीही नाही. त्या दिवशी त्याने रुसका दिवा चार वेळा शोधला.

घरी ती सांगायची. तिला कुणाला तरी सांगायचं असायचंच. "आज छतावरचे संपले. तो पाकळ्यांचा आहे ना, तुझा आठशे साठ, त्याला लोक काय म्हणतात माहितीये? उलटा पडलेला कोळी." तो म्हणायचा, "हं." ती म्हणायची, "तुला नाही आवडलं." तो म्हणायचा, "मला कशाला आवडायला हवं? सर्चला आवडलं म्हणजे झालं." मग ती डाव्या-उजव्या दोन्ही कानांवर केस घेऊन भांडी विसळायला जायची. तिने चारशे बाराचा विषय कधी काढला नाही. त्यानेही काढला नाही. एकदा जेवताना ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "यादी सगळी वाचलीस ना रे तू? एकेक ओळ?" तो म्हणाला, "वाचली की. नियम काय न वाचता लिहिले?" ती थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याला वाटलं, ती चोर आहे आणि आपण शिपाई. मग फाइलमधला आकडा आठवला आणि त्याने पाणी मागितलं.

दोन महिने झाले तेव्हा सर्चमध्ये सगळीकडे जुनेच पत्ते दिसत होते, प्रश्नचिन्हासकट, आणि तेही पूर्वीइतकेच खाली. हायफन दोनदा त्याच्या टेबलाशी आला. "दादा, जरा नियम बघायचे का एकत्र?" पहिल्यांदा तो म्हणाला, "बघितलेत मी." दुसऱ्यांदा म्हणाला, "नियमांना काय धाड भरलीय?" हायफन म्हणाला, "नाही, तसं नाही," आणि टेबलावरच्या त्यांच्या मुलीच्या फोटोकडे बघून, "ताई म्हणत होत्या, मुलगी तुमच्यावर गेलीय," असं काहीतरी बोलून गेला. मुलगी कुणावर गेलीय हेसुद्धा आता काचेच्या खोलीत ठरत होतं.

तीन महिने भरले त्या मंगळवारी मीटिंग झाली. चौघंच. मालकीणबाई, त्यांच्या डाव्या हाताला हायफन, उजव्या हाताला ती, आणि समोर तो. मालकीणबाईंना जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल एकच प्रश्न पडत असे आणि तो त्यांनी आधी विचारून घेतला. "मग, वर आले का दिवे?"

"नाही आले," हायफन म्हणाला.

"का?"

हायफन नेहमीप्रमाणे थांबला. कागद पुढे सरकवले. "ते सांगतो. आधी एक चांगली गोष्ट सांगतो. दादांनी साइटवर शोधायची चौकट केलीय ना, तिची वहीपण केलीय आतमध्ये. कुणी काय शब्द शोधला त्याची. बारा वर्षं कुणी उघडलीच नव्हती. ताईंनी गेल्या आठवड्यात माझ्याकडून काढवून घेतली, पुढच्या नावांसाठी."

वही. ती खरंच त्यानेच केली होती, त्या पावसाळ्यात, कधीतरी कुणाला तरी उपयोगी पडेल म्हणून, आणि मग दुसऱ्याचं नाव विसरावं तसं तिला विसरला होता. शब्द, तारीख, वेळ. आणि शेवटच्या रकान्यात, ऑफिसातून कुणी शोधलं तर, कुठल्या यंत्रावरून. यंत्रांना क्रमांकही त्यानेच दिले होते. त्याचं एक नंबरचं.

"ताईंनी दिलेल्या नावांमधलं सगळ्यात जास्त शोधलं गेलेलं नाव," हायफन वाचत होता, "रुसका दिवा. सत्तेचाळीस वेळा."

"रुसका?" मालकीणबाई म्हणाल्या. "असा दिवा आहे आपल्याकडे?"

"आहे. चारशे बारा."

"अगंबाई. मग लोक एवढं शोधतायत म्हटल्यावर खपत का नाहीय तो?"

हायफनच्या कागदावर फक्त बेरजा होत्या. पण तिच्यासमोर दुसरा, लांबलचक कागद होता, आणि त्यावर पेन्सिलीने काही खुणा केलेल्या त्याला उलट्या बाजूनेही दिसत होत्या. एक वाजून दहा. एक वाजून बारा. एक वाजून पाच, एक वाजून नऊ, एक वाजून एकवीस, एक वाजून अठ्ठावीस. तो चार वेळांचा दिवस. ती वर बघत नव्हती. कान लाल झाले त्याचे, दोन्ही. पंचेचाळिशीच्या पुढचा माणूस इतक्या सगळ्या ठिकाणी एकदम सापडू शकतो हे त्याला माहीत नव्हतं.

"हे बघा," मालकीणबाई म्हणाल्या, "शब्द छानच आहेत. मला वाचायला मजा आली. पण शब्द घेऊन मी काय करू, बाहेर कुणाला दिसत नसतील तर? तिकडे फोनवर दोनच बायका उरल्यात, त्यांची दमछाक चाललीय. तुम्ही सोमवारपासून फोनवर परत जा, ताई. हे करून बघितलं, नाही झालं. वाईट वाटून घेऊ नका."

"बरं," ती म्हणाली. आणि उजवा हात आपोआप वर गेला, कानामागे, वळ जिथे होता तिथे, आणि बोटांनी ती जागा अशी चाचपली जशी बरेच दिवस बंद ठेवलेल्या खोलीची कडी माणूस आत जाण्याआधी चाचपतो. हायफन त्याच्याकडे बघत होता. रागाने नाही. थांबून. वाक्य संपायची वाट बघत असल्यासारखा, आणि वाक्य तर अजून सुरूच झालं नव्हतं.

म्हणजे सोमवारी ती फोनवर, त्याने मनाशी मांडून पाहिलं. एक वाजता पुन्हा त्याच्यासमोर डबा घेऊन. काचेची खोली रिकामी. हवं होतं ते सगळं टेबलावर मांडून ठेवलेलं होतं, नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याचा तर त्याला चांगला सराव होता.

"आकडा चुकलाय," तो म्हणाला.

"कुठला?" मालकीणबाईंनी विचारलं.

"नियमात. दोन आहे. एक हवा होता. सर्चला वाटतंय दिवे परत येणार आहेत जुन्या पत्त्यावर. म्हणून ते नवे लिहूनच घेत नाहीय."

"एका आकड्यापायी तीन महिने?"

"हो."

"कुणी घातला तो आकडा?"

"मी."

मालकीणबाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की त्या अगदी त्यांच्या वडिलांसारख्या दिसायच्या, ज्यांना त्याने कधी पाहिलं नव्हतं, फक्त जिन्यातल्या फोटोत. "तुम्ही? बारा वर्षांत तुमचा एक आकडा चुकला नाही."

"हा चुकला."

"दुरुस्त केला तर?"

"हळूहळू लिहून घेईल," हायफन म्हणाला. "महिना, दोन महिने. शब्द चांगले आहेत. येतील वर." आणि त्याच्याकडे वळून, अगदी हलक्या आवाजात, "मला वाटलंच होतं, दादा, आकडा असेल."

म्हणजे माहीत होतं. असणारच. जुना पत्ता उघडला आणि आलेल्या चिठ्ठीचा आकडा वाचला की झालं, मिनिटभराचं काम. दोनदा टेबलाशी आला होता तो आकडा विचारायलाच, आणि शेवटी मुलीच्या फोटोवर बोलून गेला होता. आपला गुन्हासुद्धा आपल्याआधी याच्या खिशात होता, आणि याने तो बाहेर काढला नाही. त्याला वाटलं, या माणसाचा मत्सर करणं एक वेळ सोपं होतं. आता त्याचे आभार मानायची पाळी आली म्हणजे संपलंच. "आणखी दोन महिने," मालकीणबाई म्हणाल्या आणि उठल्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "आणि तो रुसका जरा पुढे मांडा. शोधतायत लोक."

जागेवर येऊन त्याने फाइल उघडली. दोन खोडला. एक लिहिला. अकराशे चाळीस दिवे, झाकण्या, खटके आणि वायरी कायमचे हलले आणि कुठेही काही वाजलं नाही. घड्याळात एक वाजून सात मिनिटं झाली होती. तेवढ्यात टेबलावर डबा ठेवल्याचा आवाज आला. ती शेजारची खुर्ची ओढून बसली, डावा कान नाही, उजवा त्याच्याकडे करून. दोन्ही डबे उघडले, त्याचा त्याच्यापुढे सरकवला. पेन्सिलीच्या खुणांचा कागद घडी घालून तिच्या पर्समध्ये होता, त्याचं टोक बाहेर दिसत होतं.

"त्याला सांगितलंस?" त्याने विचारलं. "दिव्याचं? त्या खोलीचं?"

"कुणाला?"

"त्याला."

ती चावायची थांबली. "अरे, त्याला वाटतं लोक म्हणतात तसं. मी म्हटलं, असं म्हणतात. झालं. त्यानं लिहून घेतलं."

त्याने हातातला घास परत डब्यात ठेवला. "मग दिलासच कशाला?"

"तू जेवायला येईनास. बोलेनास. घरात मान असलेला एक दिवा नाही, वाकवून ठेवू म्हटलं तर." तिने डब्याकडे बघतच सांगितलं. "तू काय वाचतोस मला माहितीये. ती यादी तू एकेक ओळ वाचणार. म्हटलं, तिथे वाकवून ठेवते. दिसेल. येशील, सरळ करशील." मग जरा वेळाने, "तू नुसता बघत बसलास. सत्तेचाळीस वेळा."

बाहेर प्रिंटरने कुणाचे तरी कागद टाकले. काचेच्या खोलीत हायफन एकटा जेवत होता, बाह्या तीन घड्यांच्या, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे न बघता बाटलीतलं पाणी पीत होता. त्याला त्या एकट्या जेवणाऱ्या माणसाचं वाईट वाटलं, आणि ती तिकडे बघतेय का हे त्याने पुन्हा बघूनही घेतलं. ती त्याच्याच पडद्याकडे बघत होती. तिथे शोधायची चौकट उघडी होती, रिकामी, आत रेघ लुकलुकत.

"काढून टाकू का तो शब्द?" ती म्हणाली. "साधं काहीतरी देते. वाकत्या मानेचा, वगैरे."

"नको," तो म्हणाला. "राहू दे. लोक शोधतायत."

"कोण लोक?"

त्याने तिच्या डब्यातला घास घेतला आणि सावकाश चावला. उत्तर द्यायला त्याला जरा वेळ लागला, आणि तेवढा वेळ ती थांबली.